चारशे डॉलरमध्ये ठासणीचं रिव्हॉल्व्हर: पितळी घ्यावं की पोलादी?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा हेडफोन घरी विसरले, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. बोलताना मी जे 'अं...' आणि 'म्हणजे बघा' करतो ते बरंचसं काढलंय. सगळं नाही.

टेक्सासमधल्या एका श्रोत्याने विचारलंय. नुकताच नोकरीला लागलाय, इतिहासाचं वेड आहे. त्याचा मेसेज असा: "दादा, ४०० डॉलर बाजूला काढलेत. त्यात ब्लॅक पावडरचं रिव्हॉल्व्हर आणि ते चालवायला लागणारं सगळं बसेल का? पितळी फ्रेमचं एक दोनशेच्या आसपास दिसतंय, घेऊन टाकू का?"

आधी उत्तर देतो, मग कारणं. चारशेत बसेल, काठोकाठ बसेल. पण ते दोनशेवालं घेऊ नकोस.

महाराष्ट्रात बसून ऐकणाऱ्यांना एक गोष्ट आत्ताच सांगतो. हा भाग ऐकून खरेदीला निघू नका. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली चालू स्थितीतलं असं हत्यार परवान्याशिवाय बाळगणं हा सरळ गुन्हा आहे, मग त्याचा नमुना दीडशे वर्षांपूर्वीचा का असेना. अमेरिकेतून बॅगेत घालून आणायचा विचार तर मनातसुद्धा नको. तुम्ही ऐका ते गंमत म्हणून, यंत्र कसं चालतं ते कळावं म्हणून.

तर हे यंत्र म्हणजे काय? कोकणात कुणाच्या आजोबांकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक असेल, तर निम्मं तुम्हाला माहितीच आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी ठासायची, मागे केप लावायची, घोडा पडला की केप पेटते आणि केपेने दारू पेटते. दिवाळीतल्या टिकल्यांच्या बंदुकीतली टिकली आठवा, केप म्हणजे तिची तांब्याची, खरीखुरी, दांडगी बहीण. रिव्हॉल्व्हरमध्ये हाच उद्योग सहा वेळा. फिरत्या सिलिंडरला सहा घरं असतात. प्रत्येक घरात पुढून दारू, त्यावर शिशाची गोल गोळी, आणि मागच्या बाजूला निपल म्हणून जी बारीक नळी असते तिच्यावर केप. काडतूस नावाचा प्रकारच नाही.

काडतूस का नाही, याचा किस्सा मला फार आवडतो. सॅम्युएल कोल्टने अमेरिकेत पेटंट घेतलं १८३६ मध्ये. पुढे मागून काडतूस भरता येईल असं आरपार भोकांचं सिलिंडर रॉलिन व्हाइट नावाच्या माणसाने काढलं आणि १८५५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. ते पेटंट गेलं स्मिथ अँड वेसनकडे. झालं! १८६९ पर्यंत बाकीच्यांचे हात बांधलेले. म्हणून अमेरिकेचं अख्खं यादवी युद्ध, १८६१ ते १८६५, मुख्यतः ठासणीच्या रिव्हॉल्व्हरवर लढलं गेलं. आज जे नवं बनतं ती त्याच काळातल्या मॉडेलांची नक्कल, आणि बहुतेक सगळी येते इटलीतून, ब्रेशाच्या परिसरातून. उबेर्ती आणि पिएत्ता ही दोन नावं लक्षात ठेवा. बजेटवाल्यांनी पिएत्ता जास्त ठळक लक्षात ठेवायचं, कारण तेच सहसा स्वस्त मिळतं आणि हल्लीचं काम चांगलं असतं.

आता मुद्द्याचं. पितळ.

जाहिरातीत सगळ्यात खाली, सगळ्यात कमी किमतीला जे चकाकणारं दिसतं, ते असतं १८५१ नेव्ही मॉडेल, पितळी फ्रेम, .४४ कॅलिबर. दिसायला एकदम सिनेमातलं. गंमत अशी की खऱ्या १८५१ नेव्हीची फ्रेम पितळी नव्हती आणि कॅलिबर .३६ होतं. पितळेसारख्या मिश्रधातूची फ्रेम केली दक्षिणेतल्या कारखान्यांनी, कारण त्यांच्याकडे लोखंड-पोलादाचा तुटवडा. जॉर्जियातल्या ग्रिसवोल्ड अँड गनिसन कारखान्याने अशी साडेतीन हजारांच्या आसपास बनवली, आणि नोव्हेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या घोडदळाने तो कारखाना जाळला. तीसुद्धा .३६ चीच. म्हणजे पितळी फ्रेम आणि .४४ ही जोडी इतिहासात नव्हती, ती दुकानात जन्मली.

नसू दे इतिहासात, म्हणाल तुम्ही, चालतं तर खरं? चालतं. पण किती दिवस? बार उडाला की गोळी पुढे जाते आणि सिलिंडर मागे फ्रेमवर आदळतं. सिलिंडरच्या मागच्या बाजूला फिरवण्यासाठी पोलादी दाते असतात. ते दाते मऊ पितळेवर प्रत्येक बाराला ठोका घालतात. हळूहळू पितळेवर त्यांचा गोल ठसा उमटतो. कोल्ट पद्धतीच्या बांधणीत तर सिलिंडर ज्या दांड्यावर फिरतं तो दांडाही त्याच पितळात आटे पाडून बसवलेला असतो, तो सैल होऊ लागतो. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट वाढते. आणि .४४ ची दारू जास्त, गोळी जड, म्हणजे ठोका मोठा. त्यात पोरं पहिल्याच दिवशी घर तोंडापर्यंत भरून बघतात, मोठा धूर हवा असतो ना.

पितळ वाईटच असं मी म्हणणार नाही. .३६ चं घेतलं, १५-२० ग्रेनवर समाधान मानलं, तर वर्षानुवर्षं टिकतं. पण पहिल्यांदाच घेणाऱ्या माणसाला 'कायम हळूच चालव' हे सांगणं म्हणजे नवीन बाइक देऊन चाळीसच्या वर जाऊ नको म्हणण्यासारखं आहे. आणि पितळी खिळखिळं झालं की दुरुस्ती परवडत नाही, विकायला गेलं तर कुणी विचारत नाही. पोलादी मात्र पाच वर्षांनी बऱ्या किमतीला जातं. म्हणजे फरकाचे शंभरेक डॉलर पाण्यात जात नाहीत, हत्यारातच राहतात.

मग पोलादीत कुठलं? माझं मत: १८५८ रेमिंग्टन, .४४. नाव १८५८ असलं तरी ते नळीवर कोरलेल्या पेटंटचं साल, १४ सप्टेंबर १८५८. युद्धात गाजलेलं मॉडेल त्यानंतरचं. याच्या सिलिंडरवरून फ्रेमची पट्टी जाते, म्हणजे सांगाडा बंद चौकटीसारखा, मजबूत. त्या पट्टीत नेम धरायची खाच असते. आणि खालचा दांडा ओढला, पिन सरकवली की सिलिंडर हातात येतं, कोल्टसारखी पाचर ठोकून काढावी लागत नाही. तोटा एकच, त्या पिनेवर दारूची काजळी लवकर बसते आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर सिलिंडर जड फिरायला लागतं. ओल्या फडक्याने पुसा, थोडं वंगण, परत सुरू.

१८६० आर्मी कोल्ट हातात घेतलंत तर प्रेमात पडाल, हे मान्य. इतकी सुंदर मूठ मी दुसऱ्या कुठल्या हत्याराची पाहिली नाही. पण तिची मागची नेमाची खाच घोड्यावरच असते, जवळच्या अंतरावर बार वर जातो, आणि फुटलेल्या केपेचे तुकडे आत पडून यंत्र अडकायचं प्रमाण जास्त. हे सगळं निस्तरता येतं, पण दुसरं रिव्हॉल्व्हर म्हणून.

जुनं घेणार असाल तर खूप वाचतं, पण बघून घ्या. आणि बघायच्या आधी, घोड्याला हात लावायच्या आधी, एक काम. नळी सुरक्षित दिशेला धरून निपलवर केपा नाहीत ना ते बघा, मग सिलिंडर काढून सहाही घरांत पुढून लाकडी काडी घालून बघा तळाला टेकते का. केपा नाहीत म्हणजे रिकामं, असं नसतं! आत दारू आणि गोळी वर्षानुवर्षं तशीच असू शकते आणि ती तितकीच जिवंत असते. घर रिकामं दिसलं की मग बाकीचं. घोडा सावकाश मागे ओढा, प्रत्येक घराला सिलिंडर खट्कन जागेवर बसलं पाहिजे, बोटाने हलवलं तर फारसं हलता कामा नये. नळीत उजेड टाकून गंजाचे खड्डे बघा. निपलांची तोंडं ठेचलेली असतील तर मालकाने रिकामा घोडा खूप आपटलाय, पण निपल बदलता येतात, त्यावर किंमत पाडून घ्या. पितळी असेल तर सिलिंडरच्या मागचा ठसा बघा, आत्ता सांगितला तो. इटालियन मालावर छोट्या चौकटीत दोन अक्षरं असतात, तो बनवल्याच्या सालाचा कोड. विकणारा 'दोन वर्षांपूर्वी घेतलं' म्हणत असेल तर ती अक्षरं बघायला काय हरकत आहे?

आता हिशोब. मी धरलेले आकडे ढोबळ आहेत, सीझन आणि सेलप्रमाणे वरखाली होतात. पिएत्ताचं पोलादी रेमिंग्टन सेलमध्ये पकडलं तर २८० धरू. दारूचा एक पौंडाचा डबा ३५. शंभर केपांची डबी १०. शंभर गोळ्या १८. निपलचा पाना १०, दारू मोजायचं पितळी माप १५, डोळ्यांचा चष्मा आणि कानाचं मिळून २५. बेरीज झाली ३९३. वर टॅक्स लागला की चारशे गेलेच. म्हणून म्हटलं काठोकाठ. कातडी होल्स्टर, दारूची नक्षीदार कुपी, केपा लावायचं यंत्र, यातलं काहीही पहिल्या दिवशी लागत नाही. चष्म्यावर मात्र वाचवू नका. केपेचे तुकडे उडतात आणि ते मागे, तुमच्याकडे उडतात.

दारूबद्दल थोडं सविस्तर बोलू. (हो, आपल्या भाषेत दोन्ही दारूच. या भागाचे कमेंट मला आत्ताच दिसतायत.) खरी काळी दारू म्हणजे शोरा ७५ टक्के, कोळसा १५, गंधक १०. रिव्हॉल्व्हरला बारीक दाण्याची लागते, डब्यावर तीन एफ असतात. अडचण अशी की ती कायद्याने स्फोटक, साठवणुकीचे नियम कडक, त्यामुळे साध्या दुकानात क्वचितच मिळते, आणि मागवली तर धोकादायक मालाचा वेगळा आकार लागतो. एका डब्यासाठी तो आकार भरणं म्हणजे चहापेक्षा किटली गरम. म्हणून दुकानात मिळतो तो पर्याय घ्या, पायरोडेक्स किंवा ट्रिपल सेव्हन. हे पर्याय वजनावर नाही, मापावर मोजायचे. ट्रिपल सेव्हन जोरदार असतं, त्याच्या कंपनीचंच सांगणं आहे की काळ्या दारूपेक्षा माप १५ टक्के कमी ठेवा. एका पौंडात ७००० ग्रेन, २५ ग्रेनचा बार धरला तर एका डब्यात २८० बार. गोळी, केप, दारू मिळून एक बार साधारण ४० सेंटला पडतो.

आणि आता ऐका, या अख्ख्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: आजच्या काडतुसांत असते ती धूररहित दारू यात कधीही, चिमूटभरसुद्धा, घालायची नाही. तिचा दाब या हत्याराला झेपत नाही, सिलिंडर हातात फुटतं. स्वस्तात कुणाकडून सुट्टी दारू मिळत असेल, डब्यावर नाव नसेल, तर घेऊ नका. बजेट कमी असणाऱ्या माणसाला हा मोह होतो म्हणूनच मुद्दाम सांगतोय. डब्यावर 'ब्लॅक पावडर' किंवा तिचा पर्याय असं स्पष्ट छापलेलं नसेल तर तो डबा तुमचा नाही.

भरताना क्रम असा. घोडा अर्ध्यावर, नळी समोर निशाण्याच्या दिशेला. दारू आधी मापात, मापातून घरात. डब्यातून थेट कधीच नाही, एखादी ठिणगी आत राहिली असेल तर हातात डबाच पेटेल. मग गोळी, आणि खालच्या दांड्याने ती घट्ट दाबायची. पिएत्ताच्या .४४ ला .४५१ इंचाची गोळी चालते, उबेर्तीला बहुधा .४५४. गोळी घरापेक्षा किंचित मोठीच हवी, दाबताना शिशाची बारीक कडी कापली गेली पाहिजे. ती कडी निघाली म्हणजे घर सीलबंद झालं. सगळी घरं भरून झाल्यावर शेवटी केपा. आणि सहापैकी पाचच भरायची, रिकाम्या घरावर घोडा टेकवायचा.

ती कडी का महत्त्वाची? कारण एक बार उडताना शेजारच्या घरात ज्वाला शिरली तर तोही उडतो. याला चेन फायर म्हणतात. सैल गोळी किंवा सैल केप, ही त्याची कारणं. केप दाबून बसवूनही सैल वाटत असेल तर दुसरा नंबर घ्या, १० आणि ११ असे दोन नंबर सर्रास मिळतात. आणि घोडा पडून बार उडालाच नाही, तर नळी समोर धरून निदान एक मिनिट थांबा. उशिरा पेटायची सवय असते या दारूला.

गोळी आणि दारूच्या मध्ये वंगण लावलेली नमद्याची चकती घालतात, शेकड्यावर विकत मिळते. पैसे वाचवायचे तर अमेरिकन मंडळी काय वापरतात माहितीये? रवा. खरंच, आपला उपम्याचा रवा! दारू कमी घेतली की गोळी घरात खोल बसते आणि नेम बिघडतो, म्हणून मधली जागा रव्याने भरायची. तुमच्या स्वयंपाकघरात आहेच. गोळीच्या वर लावायचं वंगण मधमाशीचं मेण आणि ऑलिव्ह तेल मिळून घरी होतं. चरबीसुद्धा वापरतात, पण बंदुकीच्या गोळीला चरबी म्हटलं की आपल्या माणसाला १८५७ आठवणारच. मी मेणवाला.

साफसफाईला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. या दारूची राख ओल धरते आणि गंज लावते. त्याच संध्याकाळी, उद्या नाही. लाकडी मूठ काढून ठेवा, बाकी सगळं गरम पाण्यात साबण घालून जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळवा, तेलाचा हात फिरवा. दर वेळी तास धरून चाला. हा तास ज्याच्याकडे नाही त्याने हे हत्यार घेऊ नये, सरळ सांगतो.

कायद्याचं. अमेरिकेचा १९६८ चा केंद्रीय कायदा अशा रिव्हॉल्व्हरला 'अँटिक' धरतो, म्हणून बऱ्याच राज्यांत ते कुरिअरने घरी येतं. पण राज्याराज्याचं वेगळं. न्यू जर्सीत, जिथे आपली इतकी मराठी माणसं राहतात, तिथे याला साध्या पिस्तुलासारखाच परवाना लागतो. काडतूस घालता येईल असं बदली सिलिंडर बसवलंत तर केंद्रीय कायद्याचीही नजर बदलते. व्हिसावर असाल तर 'अँटिक आहे, चालतं' या मित्राच्या भरवशावर राहू नका, आधी वकिलाला विचारा. होस्टेलमध्ये किंवा कॅम्पसवर तर विषयच काढू नका, आणि घराचा भाडेकरार काढून वाचा. विमानात काळी दारू आणि केपा दोन्ही चालत नाहीत, चेक-इनच्या बॅगेतसुद्धा नाही.

कायदा अँटिक म्हणतो म्हणून ते खेळणं होत नाही. २१ जुलै १८६५ ला मिसूरीतल्या स्प्रिंगफील्ड गावात वाइल्ड बिल हिकॉकने डेव्हिस टटला भर चौकात मारलं, सुमारे ७५ यार्डांवरून, छातीत एकच गोळी. हातात होतं .३६ चं १८५१ नेव्ही, म्हणजे आपल्या पितळीवाल्याहून लहान कॅलिबरचं. तेव्हा घरी मुलं असोत, रूममेट असोत, कुलपाची पेटी हवी. हिशोबात धरली नव्हती, तीही धरा. आणि दारू, केपा वेगवेगळ्या ठेवा.

राहिलं टेक्सासच्या मित्राचं. तू आधी रिव्हॉल्व्हर शोधूच नकोस, रेंज शोध. बंदिस्त रेंजवाले धुरामुळे काळी दारू बहुधा चालवू देत नाहीत, उघड्या मैदानावरचा क्लब लागेल. मी इंडियानात राहतो, इथे फ्रेंडशिप नावाच्या छोट्याशा गावात ठासणीवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं मैदानच आहे, १९३३ पासूनची संघटना. तुझ्या भागातल्या क्लबला फोन करून विचार की काळ्या दारूवाले कुठल्या रविवारी जमतात, आणि रिकाम्या हाताने जा. ही म्हातारी मंडळी नवीन पोरगा दिसला की स्वतःचं हत्यार हातात देऊन पाच बार मारायला लावतात. तिथे रेमिंग्टन आणि कोल्ट दोन्ही चालवून बघ. आणि निघताना विचार, कुणाला जुनं पोलादी विकायचंय का. दोनशे-सव्वादोनशेत मिळालं तर वर सांगितलेल्या हिशोबात केपांच्या चार डब्या आणि ती कुलपाची पेटी दोन्ही बसतात.